शाळेने दिलेली लेखणी : निवासी शाळांवरील बालकादंबऱ्यांतील भाषेचा प्रश्न

ऐतिहासिक कादंबरीतील पात्रांनी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न सामान्य वाचकाला सहसा पडत नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाला’तील माणसे शिवकालातील, पण त्यांच्या तोंडची मराठी पुष्कळशी हरिभाऊंच्याच काळची आहे, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केलेली नाही. लेखक व वाचक यांच्यामधील हा एक मूक करार आहे. पात्रे आपल्या काळाच्या भाषेत बोलत होती, आपण ती आजच्या भाषेत ऐकत आहो, एवढे गृहीत धरले की कथा निर्वेध चालू लागते. मात्र हा करार एका अटीवर टिकतो. ती अट म्हणजे भाषा हाच कथेचा विषय असता कामा नये. ज्या कथेत एका मुलीची भाषा तिच्याकडून हिरावून घेतली जाते आणि तिच्या जागी दुसरी भाषा बसविली जाते, ती कथा त्या दुसऱ्या भाषेतच सांगितली जात असेल, तर निवेदनाचे माध्यम तटस्थ राहत नाही. ते घटनेतील एक पक्षकार बनते.

कॅनडा व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथील आदिवासी मुलांसाठी चालविलेल्या निवासी शाळांवर गेल्या तीन-साडेतीन दशकांत जे ललित बालवाङ्मय इंग्रजीत निर्माण झाले, त्याच्या मुळाशी हीच अडचण आहे. या पुस्तकांची चर्चा बहुधा त्यांतील घटनांच्या खरेखोटेपणावरून होते. ती आवश्यकच आहे. परंतु लेखकाची इतिहासाकडे पाहण्याची दृष्टी घटनांच्या निवडीपेक्षा निवेदनाच्या व्याकरणात अधिक उघडी पडते, असे ही पुस्तके शेजारी-शेजारी ठेवून वाचणाऱ्यास दिसून येते.

प्रथम या शाळांविषयी थोडे. अमेरिकेत रिचर्ड हेन्री प्रॅट या सैनिकी अधिकाऱ्याने १८७९ साली पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे एका रिकाम्या लष्करी छावणीत आदिवासी मुलांची शाळा काढली. ती १९१८ पर्यंत चालली. मुलामधील ‘इंडियन’ नाहीसा करावयाचा आणि माणूस तेवढा वाचवावयाचा, हे प्रॅटचे उघड धोरण होते. १८८७ मध्ये आदिवासी व्यवहार विभागाचे आयुक्त ॲटकिन्स यांनी या शाळांतून आदिवासी भाषांच्या वापरास मनाई केली. कॅनडाच्या सरकारने निकोलस फ्लड डेव्हिन यांना अमेरिकेतील या प्रयोगाची पाहणी करण्यास पाठविले. त्यांचा अहवाल १८७९ चाच. त्यानंतर तेथे रोमन कॅथलिक, अँग्लिकन व इतर चर्चच्या हाती कारभार आणि सरकारच्या हाती खर्च, अशा व्यवस्थेने शाळांचे जाळे पसरले. १९२० च्या कायदादुरुस्तीने मुलांना शाळेत पाठविणे सक्तीचे करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. फर्स्ट नेशन्स म्हणून ओळखले जाणारे समाज, इन्यूइट आणि मेटी यांची मिळून दीड लाखांहून अधिक मुले या शाळांतून गेली. शेवटच्या शाळा बंद होण्यास १९९० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. २००८ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत जाहीर क्षमायाचना केली. सत्यशोधन व समेट आयोगाने २०१५ मध्ये आपले काम पुरे करताना ९४ शिफारशी केल्या. त्यांपैकी ६२ वी शिफारस बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या अभ्यासक्रमात या शाळांचा इतिहास वयानुरूप शिकवावा, अशी आहे. या विषयावरील बालपुस्तकांना त्यानंतर जी मागणी आली तिचे एक कारण या शिफारशीत आहे. तथापि या वाङ्मयप्रकारातील पायाभूत पुस्तक आयोगाच्या कितीतरी आधीचे आहे.

ते पुस्तक म्हणजे शर्ली स्टर्लिंग यांची ‘माय नेम इज सीपीट्झा’ (१९९२) ही कादंबरी. स्टर्लिंग या ब्रिटिश कोलंबियातील न्लाकापामुक्स समाजाच्या. कॅमलूप्स येथील निवासी शाळेत त्या स्वतः शिकल्या होत्या. कादंबरीतील शाळेचे नाव त्यांनी ‘कालामाक’ असे बदलले आहे. आडपडदा पातळ आहे आणि तो पातळच असावा अशी योजनाही दिसते. १९५८-५९ या एका वर्षाची ही रोजनिशी आहे. सहाव्या इयत्तेत शिकणाऱ्या मुलीला वर्गात शिक्षक रोजनिशी लिहिण्याचा पाठ देतात. ती वर्गासाठी एक वही लिहिते आणि स्वतःसाठी दुसरी, लपवून. वाचकाच्या हाती येते ती दुसरी. घरी जाणारी पत्रे शाळेत तपासली जातात, वर्गातील वही शिक्षक पाहतात. तेव्हा खरे ते लिहिण्यासाठी जागा उरते ती या चोरट्या वहीतच.

रोजनिशीचा हा आकृतिबंध बालकादंबरीत सोयीचा म्हणून वापरला जातो. स्टर्लिंग यांच्या हाती तो निव्वळ सोयीचा राहत नाही. लिहिण्याची कला शाळेने दिली, वहीची कल्पना शाळेच्या पाठातून आली, भाषा शाळेची; आणि या तिन्ही गोष्टी शाळेच्या विरुद्ध साक्ष देण्यासाठी वापरल्या आहेत. शाळेत प्रथम आल्यावर नाव विचारले असता मुलगी ‘सीपीट्झा’ असे सांगते. जोगीण संतापते; तो शब्द पुन्हा उच्चारू नकोस म्हणते आणि खरे नाव बहिणीला विचारून ये असे फर्मावते. बहीण सांगते, तुझे नाव मार्था स्टोन. मुलगी ते नवे नाव विसरू नये म्हणून घोकीत राहते. सहा वर्षांच्या मुलीला आपले नाव दुसऱ्याला विचारावे लागते, एवढ्या एका प्रसंगात शाळेचे सारे शिक्षणशास्त्र सामावले आहे. लेखिका त्यावर एक शब्दही भाष्य करीत नाही. पुस्तकाचे शीर्षक म्हणजे त्या जोगिणीला काही वर्षांनी, आणि तिच्याच भाषेत, दिलेले उत्तर होय.

परंतु भाषेच्या अभ्यासकाला याहून महत्त्वाचा वाटावा असा तपशील दुसराच आहे. सीपीट्झाच्या वडिलांना अनेक आदिवासी भाषा येतात. तरीही ते आपल्या मुलांना त्या शिकवीत नाहीत. आईही शिकवीत नाही. शाळेत ती भाषा तोंडून निघाली तर मुलांना चामडी पट्ट्याचा मार बसेल, हे त्याचे कारण. म्हणजे या मुलीचे इंग्रजी हा अनुवाद नव्हे. ती खरोखरीच इंग्रजीत विचार करते, आणि तिला ती अवस्था प्राप्त झाली आहे ती तिच्या शाळेमुळे जितकी, तितकीच तिच्याआधी शाळेत गेलेल्यांच्या अनुभवामुळे. भाषा एका पिढीकडून दुसरीकडे जाण्याची क्रिया कोठे तुटते, याचे उत्तर शासकीय अहवाल ‘शाळेत’ असे देतात. या कादंबरीचे उत्तर अधिक कठोर आहे. ती क्रिया घरात तुटते, स्वयंपाकघरात तुटते, आणि आईबापांच्या मायेपोटी तुटते. शाळेची सर्वांत मोठी करामत ही की, मुलांच्या रक्षणासाठी आईबापांनीच भाषा आवरून धरावी अशी परिस्थिती तिने निर्माण केली. भाषामृत्यूवरील शास्त्रीय ग्रंथांत ही गोष्ट संज्ञा-परिभाषेत मांडलेली सापडते. येथे ती एका मुलीच्या वहीत चार ओळींत येते आणि पुढच्याच परिच्छेदात गुराढोरांच्या गोष्टी सुरू होतात.

स्टर्लिंग यांच्या निवेदनातील वाक्ये लहान, साधी व व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. निवेदिकेचे इंग्रजी ‘आदिवासी’ वाटावे असा कोणताही प्रयत्न त्यांत नाही. या गोष्टीचे महत्त्व सात वर्षांनी आलेल्या दुसऱ्या एका रोजनिशीवरून कळते.

अमेरिकेतील स्कॉलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेच्या ‘डिअर अमेरिका’ मालेत १९९९ मध्ये ॲन रिनाल्डी यांची ‘माय हार्ट इज ऑन द ग्राउंड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. कार्लाइल शाळेतील एका लकोटा मुलीची ही कल्पित रोजनिशी. काळ १८८० च्या सुमाराचा. रिनाल्डी या आदिवासी समाजातील नव्हत. तेवढ्यावरून पुस्तक बाद ठरविणे अन्यायाचे होईल. दुसऱ्याच्या अनुभवात शिरण्याचा हक्क कादंबरीकाराकडून काढून घेतला तर ऐतिहासिक कादंबरीच उरणार नाही. पण डेबी रीस, बेव्हर्ली स्लॅपिन आणि त्यांच्या सहकारी समीक्षिकांनी त्याच वर्षी या पुस्तकाची जी सविस्तर झडती घेतली, ती वाचल्यावर या हक्काबरोबर येणारी जबाबदारी येथे पाळली गेली नाही, हे मान्य करावे लागते. लेखिकेने आपल्या पात्रांची नावे कार्लाइलच्या दफनभूमीतील थडग्यांवरून घेतली आणि तसे पुस्तकाच्या अखेरीस नमूदही केले. त्यांपैकी ल्यूसी प्रिटी ईगल ही खरी मुलगी १८८४ मध्ये शाळेत मरण पावली होती. कादंबरीत तिला काही वर्षे आधीच आणून, कथानकाच्या सोयीचे एक नाट्यमय मरण दिलेले आहे. शाळेने ज्यांची नावे बदलली त्यांच्या थडग्यांवरील नावे पुन्हा एकदा परक्याच्या उपयोगासाठी उचलली गेली. २०२१ मध्ये रोझबड येथील लकोटा समाजाने त्या दफनभूमीतून आपल्या नऊ मुलांचे अवशेष परत नेले. ल्यूसी त्या नऊ मुलांपैकी एक होती.

नावांचा हा प्रकार उघड आहे. भाषेचा प्रकार तितका उघड नाही, आणि म्हणून तो बालवाचकावर अधिक परिणाम करतो. रिनाल्डी यांची नायिका रोजनिशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहू लागते. क्रियापदांची रूपे चुकतात, साध्या कल्पनांसाठी जोडरेषांनी सांधलेले लांबलचक शब्द येतात. दुभाष्यासारख्या व्यक्तीलाही असेच एक लांब वर्णन चिकटविले जाते. पाने उलटत जातात तसतसे हे इंग्रजी सुधारत जाते. आता, ज्या मुलीला इंग्रजी फारसे येत नाही ती आपले अंतरंग इंग्रजीत का उतरवील, या प्रश्नाला शिक्षिकेने सांगितले म्हणून, असे उत्तर देता येते. पण खरी अडचण त्यापलीकडची आहे. मोडके इंग्रजी हे इंग्रजीची उणीव दाखविते. येथे मात्र ते मनाची उणीव म्हणून वाचले जाते. लकोटा भाषेत दुभाष्यासाठी ‘इयेस्का’ असा एक सुटसुटीत शब्द आहे. त्या भाषेतच विचार करणाऱ्या मुलीला वर्णनाचा आडमार्ग धरण्याचे काहीच कारण नव्हते. तिला इंग्रजी शब्द ठाऊक नाही म्हणून तिच्यापाशी संकल्पनाच नाही, असा समज त्या जोडशब्दांतून नकळत तयार होतो. मराठी कथा-नाटकांतून आदिवासी किंवा परप्रांतीय पात्रांच्या तोंडी धेडगुजरी मराठी घालून त्यांना भोळे किंवा विनोदी ठरविण्याची जी खोड आहे, ती या प्रकाराची जवळची नातेवाईक आहे.

आणि याहूनही पुढची गोष्ट. रोजनिशीचे इंग्रजी सुधारत जाते, म्हणजे काळ जसजसा पुढे सरकतो तसतशी निवेदिका वाचकाला अधिकाधिक समजू लागते, जवळची वाटू लागते. शाळेत जितके दिवस जास्त, तितका आवाज स्पष्ट. शाळेचा दावा नेमका हाच होता की, या मुलांना आम्ही वाणी दिली. कादंबरीतील एखादे पात्र या दाव्यास विरोध करील, एखादा प्रसंग शाळेची निष्ठुरता दाखवील. परंतु वाक्यरचनेचा आलेख मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शाळेच्या बाजूने चढत जातो. असे करताना लेखिकेचा हेतू वाईट होता, असे मानण्याचे कारण नाही. आकृतिबंधच इतका निसरडा आहे.

त्याच कार्लाइल शाळेच्या पहिल्या तुकडीतील एका विद्यार्थ्याची साक्ष येथे उपयोगी पडते. ओटा क्टे हा मुलगा पुढे ल्यूथर स्टँडिंग बेअर या नावाने लेखक म्हणून प्रसिद्धीस आला. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी नामकरणाचा प्रसंग सांगितला आहे. फळ्यावर काही खुणा काढल्या होत्या. प्रत्येक मुलाच्या हाती एक छडी देऊन त्याला त्यांपैकी एका खुणेकडे बोट दाखविण्यास सांगण्यात आले. त्या खुणा म्हणजे नावे आहेत हे मुलांना ठाऊक नव्हते. मुलाने जी खूण दाखविली ती त्याची झाली, आणि तीच त्याच्या सदऱ्यावर शिवण्यात आली. या कथनात विनोदाची एक बारीक छटा आहे, आणि ती लकोटा मुलाच्या बुद्धीवर नसून फळ्यावर आहे. अक्षर न ओळखणारा मुलगा आणि काय चालले आहे हे पुरते ओळखणारा मुलगा, ही दोन माणसे एकच असू शकतात, हे त्यातून दिसते. रिनाल्डी यांच्या रोजनिशीला जे साधले नाही ते हे.

स्कॉलॅस्टिकच्याच कॅनडातील ‘डिअर कॅनडा’ या भगिनी-मालेत २०१६ मध्ये रूबी स्लिपरजॅक यांची ‘दीज आर माय वर्ड्स’ ही कादंबरी आली. तोच आकृतिबंध, तीच माला-पद्धती. पण लेखिका अनिशिनाबे समाजाची आणि स्वतः निवासी शाळेत राहिलेली. काळ १९६६ चा. व्हायलेट पेशीन्स ही नायिका वसतिगृहात राहते आणि दिवसा गोऱ्या मुलांच्या शाळेत जाते. निवासी शाळांच्या उत्तरकाळात ही व्यवस्था बरीच रूढ झाली होती, आणि इतर पुस्तकांत ती फारशी आढळत नाही. तिच्याजवळचे सारे सामान काढून घेतले जाते, नावाच्या जागी क्रमांक येतो. व्हायलेटला सर्वांत मोठे भय वाटते ते मात्र माराचे किंवा भुकेचे नाही. ते विसरण्याचे आहे. आपली भाषा, आपल्या माणसांची नावे, घरच्या रीती डोक्यातून निसटतील, म्हणून ती त्या वहीत उतरवून ठेवते. येथे रोजनिशीचा प्रवास रिनाल्डींच्या उलट दिशेने होतो. इंग्रजी येणे ही मिळकत नसून आधीचे किती शिल्लक आहे याचा हिशेब ठेवणे, हे लेखनाचे प्रयोजन बनते. वहीची भाषा इंग्रजी असली तरी वही कशासाठी आहे, याचे उत्तर इंग्रजीच्या बाहेरचे आहे. कथानक म्हणून पाहिल्यास ही कादंबरी स्टर्लिंग यांच्या कादंबरीइतकी सघन नाही, काही भाग पसरट झाला आहे. परंतु रोजनिशीला दिलेले हे प्रयोजन निःसंशय मोलाचे आहे.

अक्षरज्ञानाची ओढ मुलांना नव्हतीच, असे समजणेही बरोबर होणार नाही. मार्गारेट पोकियाक-फेंटन यांच्या बालपणावर आधारलेले ‘फॅटी लेग्ज’ (२०१०) हे पुस्तक या दृष्टीने विचार करावयास लावते. त्यांनी ते आपल्या सुनेच्या, क्रिस्टी जॉर्डन-फेंटन यांच्या साहाय्याने लिहिले. काटेकोरपणे पाहता ही कादंबरी नव्हे, आठवणी आहेत; बालवाचकासाठी मात्र त्या कथेसारख्याच रचलेल्या आहेत. उत्तर ध्रुवाकडील बँक्स बेटावर राहणारी ओलेमाउन ही इनुव्हियालुइट मुलगी स्वतः हट्ट धरून ॲक्लाविक येथील शाळेत जाते. तिला वाचायला शिकावयाचे असते. बहिणीने वाचून दाखविलेल्या ॲलिसच्या गोष्टीत ॲलिस सशाच्या मागे बिळात का शिरली, हे तिला जाणून घ्यावयाचे असते. वडील स्वतः तसल्या शाळेतून गेलेले असल्यामुळे नाखूष असतात. ओलेमाउन वाचायला शिकते, शाळेत टिकून राहते, एका जोगिणीशी झुंजही देते. शाळेचा निषेध करणाऱ्या पुस्तकात वाचनाच्या आनंदाला असे मध्यवर्ती स्थान देणे हे धाडसाचे आहे, आणि ते खरेही आहे. पुस्तकाची ओढ आणि शाळेचा जुलूम या दोन गोष्टी एकाच मुलीच्या आयुष्यात एकाच वेळी होत्या.

त्याची किंमत पुढील पुस्तकात कळते. ‘अ स्ट्रेंजर ॲट होम’ (२०११) यात दहा वर्षांची ओलेमाउन दोन वर्षांनी बोटीतून उतरते, तेव्हा आई तिला ओळखत नाही. ही माझी मुलगी नव्हे, असे ती तेथील पाद्र्यांना ओरडून सांगते. आणि सांगते ते तिला येत असलेल्या जेमतेम इंग्रजीत. मुलीला आता आईची भाषा धड येत नाही, आईला मुलीची नवी भाषा तीन शब्दांपलीकडे येत नाही. आणि त्या तीन शब्दांनीच आई तिला नाकारते. मोडके इंग्रजी येथेही आहे. पण ते कोणाच्या तोंडी आणि कोणत्या क्षणी येते, हे पाहिले म्हणजे रिनाल्डींच्या मोडक्या इंग्रजीशी त्याचे काहीही साम्य उरत नाही. पुढे ओलेमाउन वडिलांच्या आधाराने आपली भाषा हळूहळू परत मिळविते. वडिलांना इंग्रजी येत असते, म्हणून ते आई आणि मुलगी यांच्यामधील दुभाषे होतात.

वरील पुस्तके आठ-दहा वर्षांपुढील वाचकांची. त्याहून लहान मुलांसाठी असलेल्या चित्रपुस्तकांना शब्दांची काटकसर करावी लागते, आणि त्यामुळे काही लेखकांनी भाषेचा प्रश्न आश्चर्य वाटावे इतक्या नेमकेपणाने हाताळला आहे. निकोला कॅम्बेल यांच्या ‘शि-शि-एट्को’ (२००५) या पुस्तकात शाळा दिसतच नाही. मुलगी शाळेत जाण्यापूर्वीचे चार दिवस एवढाच कथेचा विस्तार. आजीने दिलेल्या पिशवीत ती पानांच्या-फुलांच्या रूपाने आठवणी साठविते आणि ती पिशवी झाडाखाली ठेवून जाते. शाळेची भाषा कोणती, हा प्रश्न फाटकाबाहेर थांबून लेखिकेने टाळला आहे, असे म्हणता येईल. पण ‘शिन-चीज कनू’ (२००८) या पुढील भागात तीच मुलगी धाकट्या भावाला मालमोटारीत बसल्यावर बजावते की, तेथे फक्त इंग्रजी नावे वापरावयाची आणि एकमेकांशी बोलावयाचे नाही. सहा वर्षांचा शिन-ची घरी परतण्याचा दिवस महिन्यांनी मोजत नाही. नदीत सॅमन मासे परत येतील तेव्हा, अशी त्याची गणना आहे. शाळेच्या घंटेला आणि कालदर्शिकेला दिलेले हे उत्तर मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

डेव्हिड रॉबर्टसन यांचे ‘व्हेन वुई वेअर अलोन’ (२०१६) हे ज्यूली फ्लेट यांच्या चित्रांनी सजलेले पुस्तक तर भाषाशास्त्राच्या वर्गात वाचावे असे आहे. बागेत काम करणाऱ्या आजीला नात एकामागून एक प्रश्न विचारते : तू इतके रंगीत कपडे का घालतेस, केस लांब का ठेवतेस, क्री भाषेत का बोलतेस. प्रत्येक उत्तर शाळेतील एका मनाईकडे आणि ती मनाई चुकवून मुलांनी एकांतात केलेल्या एका कृतीकडे जाते. आजीला नात ‘नोकोम’ म्हणते. हा शब्द केवळ ‘आजी’ या अर्थाचा नाही. क्री भाषेत नातेवाचक शब्द सहसा संबंधीसहच उच्चारला जातो. ‘नोकोम’ म्हणजे ‘माझी आजी’, आणि आरंभीचा ‘न’ हा त्यातील ‘माझी’ आहे. तो ‘क’ झाला की ती ‘तुझी आजी’ होते. कॅनडाच्या इंग्रजीत रूढ झालेला ‘कोकम’ हा शब्द या दुसऱ्या रूपापासून आला आहे. कोणाचीही नसलेली, नुसती आजी, ही कल्पना या भाषेच्या व्याकरणाला सहजासहजी मानवत नाही. ज्या संस्थेचा सारा खटाटोप मुलाला कोणाचेही नसलेले करण्याचा होता, तिच्याबद्दलच्या पुस्तकात हा एक शब्द इंग्रजी वाक्यांच्या मधोमध, भाषांतर न होता, पुनःपुन्हा येतो. त्याचा अर्थ संदर्भाने कळतोच. रचना कळण्यासाठी मात्र क्री यावी लागते. पुस्तक दोन प्रकारच्या वाचकांशी एकाच वेळी बोलते, आणि क्री जाणणाऱ्या वाचकाला थोडे अधिक देते. इंग्रजी बालपुस्तकात अशी क्रमवारी क्वचितच लाभते.

शीर्षकातील ‘वुई’ या सर्वनामाचेही तसेच आहे. इंग्रजीत ते एकच; ऐकणारा त्यात धरलेला आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. क्रीमध्ये याची दोन वेगळी रूपे आहेत, आणि मराठीतही ‘आपण’ व ‘आम्ही’ अशी ती आहेत. आजी नातीला सांगते ते ‘आम्ही एकटे असताना’चे आहे; शाळेतल्या त्या मुलांचे, ज्यांत नात नाही आणि असू नये. अखेरीस मात्र आजी आणि नात बागेत एकमेकींजवळ असतात, आणि तेथे ‘आपण’ म्हणता येते. हा फरक इंग्रजी पाठात अध्याहृत राहतो. पुस्तक मराठीत आणावयाचे झाल्यास अनुवादकाला तो शब्दांत दाखवावाच लागेल; म्हणजे या एका जागी मराठी अनुवाद इंग्रजी मुळापेक्षा क्रीच्या अधिक जवळ जाईल.

असे मूळ भाषेकडे परत जाणे एका पुस्तकाच्या बाबतीत प्रत्यक्ष घडले आहे. जेनी के ड्युपुइस व कॅथी केसर यांच्या ‘आय ॲम नॉट अ नंबर’ (२०१६) या चित्रपुस्तकात ड्युपुइस यांच्या आजीची, निपिसिंग समाजातील आयरीन कूशी हिची, कथा आहे. १९२८ मध्ये आठ वर्षांच्या आयरीनला शाळेत नेण्यात आले आणि तिला ७५९ हा क्रमांक मिळाला. पुढे २०१९ मध्ये याची द्विभाषिक आवृत्ती निघाली, आणि तिच्या मुखपृष्ठावर प्रथम निपिसिंग बोलीतील शीर्षक आले : ‘गाविन गिंदास्विन न्दाव्सी’. ‘गिंदास्विन’ म्हणजे क्रमांक. नकार आरंभी ‘गाविन’ने सुरू होतो आणि क्रियापदाच्या शेवटी ‘सी’ या प्रत्ययाने पुरा होतो. इंग्रजीत स्वतंत्र उभा असलेला ‘मी’ येथे क्रियापदाच्या तोंडाशी जोडलेला ‘न्’ आहे. आयरीनला शाळेत जे वाक्य या भाषेत बोलण्याची परवानगी नव्हती, ते आता मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते, आणि इंग्रजी त्याच्या खाली येते.